आठ मिनिटांची चढण

मे अखेरीचा नवतपा लागला की नागपुरातला प्रत्येक माणूस सूर्याचा जाणकार होतो. दूधवाला सांगतो, यंदा सूर्य खाली उतरला आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच जुना मेसेज फिरतो की या नऊ दिवसांत सूर्य पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो. माझा नवरा इंजिनिअर असूनही तो मेसेज मला मोठ्याने वाचून दाखवतो. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. मे महिन्यात आपण सूर्यापासून लांब लांब जात असतो आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब असतो, हे मी त्याला लग्न झाल्यापासून सांगत आले आहे. तो मान हलवतो आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा तोच मेसेज वाचतो. पण नवऱ्याचं अज्ञान निरुपद्रवी आहे, त्यानं कोणाचा जीव जात नाही. वडिलांच्या हट्टानं मात्र त्यांचाच जीव जायची पाळी आली होती, आणि त्या उन्हाळ्यात मी जितकी चिडले तितकी आयुष्यात कधी चिडले नव्हते.

वडील सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत होते, अगदी जमिनीखाली. छताला टेकू लावणाऱ्या टोळीत त्यांची सगळी नोकरी गेली. आमच्या घरी कामाला काम म्हणतच नसत. 'बाबा खाली गेले' आणि 'बाबा वर आले' एवढंच. निवृत्त झाल्यावर, आणि पुढे आई गेल्यावरही, ते तिथल्याच घरात एकटे राहिले. त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात ते भर दुपारी अंगणात खुर्चीवरून खाली कोसळले. शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या वयात दुसऱ्यांदा ऊन लागलं तर काही खात्री देता येणार नाही. मी त्यांना नागपुरात बेसाला, माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. त्यांनी फारशी कुरकुर केली नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

हिवाळा आणि होळी सुरळीत गेली. एप्रिल तापायला लागला तसे वडील रोज दुपारी तीन वाजता उठून पश्चिमेच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले.

ही गॅलरी म्हणजे आमच्या फ्लॅटचं मोठं दुखणं आहे. समोर रिकामे प्लॉट, त्यापलीकडे नवीन स्कीमचं बांधकाम, दिवसभर धूळ. म्हणून नवऱ्याने घर घेतल्या घेतल्या तिला वरपासून खालपर्यंत काचेचं स्लायडिंग लावून घेतलं. दुपारनंतरचं सगळं ऊन त्या काचेतून थेट आत येतं. तिथली फरशी पाच वाजता पायाला चटका देते. त्या गॅलरीत वडील बसायचे, आणि बसण्याआधी काचा घट्ट ओढून घ्यायचे. एक फटसुद्धा ठेवायचे नाहीत.

आता यात वडिलांचा वेडेपणा म्हणावा तर तसंही नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात दारं-खिडक्या सकाळी दहालाच बंद करायची रीतच आहे. दहाला बंद, सहाला उघडायच्या. मधल्या वेळात कोणी दार उघडं टाकलं तर घरातली सगळी माणसं एकदम ओरडतात. आमच्या लहानपणी खिडक्यांना लाकडी झडपा होत्या. त्या लावल्या की घरात अंधार व्हायचा, कूलर घरघरायचा आणि घर थंड राहायचं. झडप वाराही अडवत होती आणि ऊनही अडवत होती. पण गरम वाऱ्याची लू आत येऊ नये म्हणून खिडकी लावायची, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात राहिलं. ऊन अडतंय हे कोणी मोजलंच नाही. मग झडपा गेल्या, काचा आल्या, आणि रीत मात्र तीच राहिली. अख्खं बेसा दहा वाजता काचा ओढून घेतं आणि दिवसभर आत शिजत बसतं. आमच्या सोसायटीत चांगली शिकलेली माणसं हेच करतात.

पहिल्या दिवशी मी वडिलांना नीट समजावलं. त्यांनीही नीट ऐकून घेतलं आणि काचेवर बोट आपटून म्हणाले, "लू बंद केली ना मी. मंग गरमी येईन कुठून?"

मी सांगितलं, काचेतून. त्यांनी माझ्याकडे, मी त्यांची चेष्टा करते आहे अशा नजरेनं पाहिलं. काचेतून उजेड येतो, हे त्यांना मान्य होतं. उजेड त्यांना हवाच होता, त्यासाठीच ते बसत होते. पण गरमी ही हवेची गोष्ट आहे, ती वाऱ्यावर बसून येते आणि वारा अडवला की ती बाहेर राहते, असं त्यांचं पक्कं मत होतं. मी म्हटलं, बाबा, सूर्य आणि आपल्यामध्ये हवाच नाही. थोडं वर गेलं की हवा संपते. पुढे कोट्यवधी किलोमीटर काहीच नाही, वारा नाही, धूळ नाही, नुसतं रिकामं. त्या रिकाम्यातून ऊन येतं. ते कशावर बसून येत नाही, आपलं आपण येतं, आणि उजेड ज्या वाटेनं येतो त्याच वाटेनं येतं. काचेतून आत आलं की फरशीवर पडतं, फरशी तापते, आणि तापलेल्या फरशीची उष्णता वेगळ्या जातीची असल्यानं तिला काच बाहेर जाऊ देत नाही. म्हणून गॅलरी भट्टी होते.

वडिलांनी माझ्या सगळ्या पदव्यांवर पाणी फिरवलं.

"खाली उजेड नव्हता," ते म्हणाले, "पण गरमी लय होती. अन् टोपीच्या बत्तीचा उजेड असा झक्क पडे, पण हात समोर धरला त गरम नाही लागे. उजेड येगळा, गरमी येगळी. मले शिकवून राहिली काय तू?"

आता या माणसाला काय सांगणार? हा माणूस आयुष्यभर अंधारात घामाघूम झाला होता. उजेडाशिवायची गरमी त्यानं अंगावर घेतली होती. मी म्हटलं, खालची गरमी दगडाची होती, यंत्रांची होती, माणसांच्या अंगाची होती. ती शिवून येते, हवेतून पसरते. उष्णता तीन तऱ्हांनी जाते बाबा, वहन, अभिसरण आणि प्रारण. हे बोलताना मी बोटांवर मोजून दाखवत होते, हे माझ्या लक्षात आलं आणि माझा मलाच राग आला. वर्गातही मी हेच बोलते. मुलं लिहून घेतात, 'प्रारणाला माध्यमाची गरज नसते' असं पेपरात छान अक्षरात लिहितात, मार्क घेतात, आणि घरी जाऊन काचा ओढून घेतात.

मी होळीचं उदाहरण दिलं. वारा आपल्याकडून होळीकडे वाहत असला तरी तोंड भाजतंच ना? ते म्हणाले, होळी जवळ असते. मी ढगाचं उदाहरण दिलं. ढग आडवा आला की उजेड आणि चटका दोन्ही एकाच क्षणी कमी होतात. ते म्हणाले, ढग आला की हवाच बदलते. मग त्यांनी मला उलटा प्रश्न टाकला, की एवढी गरमी त्या मधल्या रिकाम्या जागेतून येत असेल तर ती जागा किती तापत असेल. मी म्हटलं, तिथं भयंकर थंडी असते. हे ऐकून ते चक्क हसले. खाणीच्या ज्या बोगद्यातून पाणी जातं तो बोगदा ओला होतो, हे त्यांनी मला सांगितलं, आणि मी अजून लहानच आहे अशा सुरात विषय संपवला.

नवरा आमच्या या भांडणात आनंदानं वडिलांच्या बाजूला होता. मामाजी म्हणतात त्यातही पॉइंट आहे, असं तो जेवताना म्हणायचा. त्यानं बाजारातून हिरवी जाळी आणून गॅलरीच्या बाहेरून बांधली, हे मात्र त्याचं चांगलं. ऊन काचेत शिरण्याआधीच अडायला हवं, ते जाळीनं निम्मं अडलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. बिल्डिंगचा समोरचा भाग सगळ्यांचा सारखा दिसला पाहिजे, असा नियम निघाला. खाली पार्किंगमध्ये त्यांच्या स्वतःच्या गाडीवर तीच हिरवी जाळी ताणलेली होती. मी ते बोलूनही दाखवलं, पण जाळी काढावी लागली ती लागलीच.

एसीच्या खोलीत वडील बसत नसत. तिथं पडदे ओढावे लागतात, दार लावावं लागतं, त्यांना कोंडल्यासारखं वाटायचं. हॉलमध्ये कूलर होता, पण तिथं उजेड नव्हता. आमच्या फ्लॅटला पूर्वेची एकही खिडकी नाही, मागच्या सगळ्या डक्टवर उघडतात. उजेड म्हणावा असा फक्त पश्चिमेला, आणि तोही त्याच वेळेला. मी कॉलेजातून फोन करायचे, बाबा, उठलात का तिथून? ते 'हो' म्हणायचे, आणि फोनमध्ये मला त्या गॅलरीच्या खुर्चीची कुरकुर ऐकू यायची.

नवतप्यातल्या एका दुपारी मी पाचच्या सुमारास घरी आले. दार उघडलं आणि हाक मारली. उत्तर आलं नाही. वडील गॅलरीत खुर्चीवर होते, मान छातीवर पडलेली. हात लावला तर अंग कोरडं आणि तापलेलं, घामाचा थेंब नाही. डोळे उघडे होते पण ते मला ओळखत नव्हते. ते पुटपुटत होते, टेकू लावा, टेकू लावा. मी काच ओढून उघडली, त्यांना काखेत धरून हॉलमध्ये कूलरसमोर ओढत आणलं, चादर बादलीत बुडवून त्यांच्या अंगावर टाकली आणि शेजारच्या वहिनींना हाका मारल्या. तळमजल्यावर राहणारे डॉक्टर बनियनवरच वर धावत आले. त्यांनी काखेत आणि मानेखाली बर्फ ठेवायला लावला, आम्ही दोघी-तिघी ओल्या टॉवेलांनी वारा घालत राहिलो. सगळा वेळ मला एकच दिसत होतं, की मला यातलं सगळं माहीत होतं. काच काय करते, फरशी काय करते, सगळं. माझ्या माहितीचा या माणसाला काडीचा उपयोग झाला नव्हता.

संध्याकाळपर्यंत त्यांना घाम आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहून रडून राहिली वं, असं विचारलं. मी रडत नव्हते, मी संतापले होते. बहुतेक दोन्ही चाललं होतं.

दोन दिवस ते दवाखान्यात होते. तेवढ्यात मी माणूस बोलावून गॅलरीच्या सगळ्या काचांना आतून चंदेरी शीट चिकटवून घेतली. टिनाच्या छताखाली लावतात ती, आरशासारखी चकचकीत, चकचकीत बाजू बाहेर. ऊन येईल तसं परत जाईल. आत काळोख झाला. त्या माणसानं काम घाईत उरकलं आणि एका कडेला बोटभर फट ठेवून दिली. मी त्याला परत बोलावलं तर त्याचा फोन लागेना. त्या फटीवरूनही मी दिवसभर चिडचिड केली.

वडील घरी आले. चहा घेतला, तीनच्या ठोक्याला उठले, गॅलरीचं दार उघडलं आणि तिथंच उभे राहिले. मी तयारीतच होते, सगळे मुद्दे माझ्या ओठावर होते. त्यांनी एकही मुद्दा काढला नाही.

"मले पुन्हा खाली धाडलं काय तू?" एवढंच ते म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, तुम्ही गेला असता परवा. मला भीती वाटते. मी आईला गमावलं आहे, मला तुम्हाला एका खुर्चीपायी गमवायचं नाही. हे सगळं मी मोठ्या आवाजात, दरडावूनच बोलले, कारण हळू आवाजात बोलले असते तर बोलताच आलं नसतं. त्यांनी ऐकलं, आत जाऊन त्या काळोखात खुर्चीवर बसले आणि दार लावून घेतलं. मी बाहेर कूलरचं तोंड त्या दाराकडे फिरवून ठेवलं. याहून जास्त मला काही सुचलं नाही.

असे चार-पाच दिवस गेले. ते माझ्याशी जेवणापुरतं बोलत. नवरा म्हणाला, थोडी शीट काढून टाक ना, मामाजी उदास झालेत. मी त्याला म्हटलं, तुझ्या मेसेजमधल्या सूर्याला सांग थोडा मागे सरकायला. खरं तर मलाच ते सहन होत नव्हतं. मी बरोबर होते, पूर्णपणे बरोबर होते, आणि घरात एक माणूस माझ्या बरोबर असण्यामुळे अंधारात बसला होता. याचा कोणावर राग काढायचा हेच कळत नव्हतं.

त्या आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मी पन्ह्याचा ग्लास घेऊन गॅलरीत गेले. शीटच्या त्या बोटभर फटीतून उन्हाचा एक पट्टा आत आला होता. काळोखात तो काठीसारखा सरळ दिसत होता, आणि त्यात बांधकामाची धूळ तरंगत होती. वडील त्याच्याकडे पाहत बसले होते. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले की टोपीच्या बत्तीचा झोत असाच दिसायचा.

मी म्हटलं, धूळ आहे म्हणून दिसतो. धूळ नसती तर मधे काहीच दिसलं नसतं, फक्त भिंतीवरचा ठिपका दिसला असता.

ते पटकन वळले. हे त्यांना ठाऊक होतं. मोठ्या सुट्टीनंतर खाण उघडली की पहिल्या दिवशी असंच व्हायचं, त्यांनी सांगितलं. सगळी धूळ बसलेली असायची. बत्ती लावली तर झोत दिसायचा नाही, फक्त समोरचा दगड उजळायचा. मधे नुसता काळोख. नवीन पोरं घाबरायची, बत्ती बिघडली म्हणायची.

मी खाली फरशीवर बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बोलायची घाई नव्हती. मी म्हटलं, बाबा, सूर्य आणि आपल्यामधली जागा अशीच आहे. तिथं धूळ नाही, हवा नाही. तिथून सगळा उजेड जातो, पण तिथं काळोखच दिसतो, कारण उजेडाला आपटायला काही नाही. आणि सगळी गरमी जाते, पण तिथं थंडच असतं, कारण गरमीला तापवायला काही नाही. जिथं आपटेल तिथंच उजळतं आणि तिथंच तापतं. ती तुमच्यावर आपटत होती.

त्यांनी हात पुढे करून तळवा त्या पट्ट्यात धरला. भिंतीवरचा ठिपका गेला आणि त्यांच्या तळव्यावर आला. मग त्यांनी विचारलं की सूर्यापासून इथवर यायला याला किती वेळ लागतो. मी म्हटलं, आठ मिनिटं आणि थोडं वर. हा आकडा मी इतक्या वेळा सांगितला आहे की मला त्याचं काही वाटत नाही. मुलं तो पाठ करतात, मीही पाठच केला होता.

वडिलांनी हात तसाच ठेवून काहीतरी मनातल्या मनात मोजलं.

"शेवटच्या वळणापासून खाणीच्या तोंडापर्यंतची चढण तेवढीच होती," ते म्हणाले. "तितूनच तोंडाचा उजेड दिसे. पयली पाळी तीन वाजता सुटे. आम्ही तितून चढाले लागलो का उजेड तिकडून सूर्यावरून निघे म्हंजे. अन् तोंडाशी दोघं संगंच पोचो."

मला एकदम कळलं की रोज दुपारी तीन वाजता हा माणूस त्या गॅलरीत का जात होता. पहिल्या पाळीची वर येण्याची वेळ होती ती. मी लेक असून मला कधी हे विचारावंसं वाटलं नव्हतं. मी आपली काच, फरशी आणि प्रारण घेऊन भांडत होते. आणि हे त्यांनी तरी सांगायला नको होतं का पहिल्याच दिवशी? मला पुन्हा राग आला, पण त्यात आता पूर्वीचा जोर नव्हता.

मी म्हटलं, तीनचं ऊन तुम्हाला सोसणार नाही. मी शीट काढणार नाही, काही झालं तरी. पण सकाळचं ऊन तिरपं येतं, त्याला पुष्कळ हवेतून यावं लागतं, त्यात त्याचा जोर निघून जातो. ते घ्या. घरात पूर्व नाही, पण वर गच्ची आहे. ते म्हणाले, पाहू.

त्या 'पाहू'चा अर्थ दुसऱ्या दिवशी पहाटे कळला. पाच वाजायला थोडा वेळ होता. बेडरूमच्या दारावर टकटक झाली. मी दचकून उठले, दार उघडलं. वडील आंघोळ करून, धोतर नेसून, कोरी टोपी घालून उभे होते.

मी म्हटलं, बाबा, सूर्य उगवायला अजून अर्धा तास आहे.

त्यांनी लिफ्टला नकार दिला. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, वर दोन मजले आणि मग गच्ची. ते कठडा धरून एकेक पायरी चढत होते, आणि मी झोपेत, केस विस्कटलेले, एका हातात पाण्याची बाटली आणि ऊन लागू नये म्हणून खिशात त्यांच्यासाठी कांदा घेऊन मागे. प्रत्येक मजल्यावर ते थांबायचे. मी म्हणायचे, दमलात तर परत जाऊ. ते म्हणायचे, जाऊ दे ना वं, वेळ आहे. जिन्यातला दिवा सोसायटीनं कधीच दुरुस्त केलेला नाही, त्यामुळे शेवटच्या वळणावर चांगलाच काळोख होता. तिथं मात्र ते थांबून राहिले. मी मागून विचारलं, काहून थांबले बाबा? त्यांनी माझ्याकडे न पाहता हात वर केला, थांब म्हणून. मी माझ्या मोबाइलवर वेळ बघितली, मनाशी हिशेब केला, सूर्य उगवायला नऊ-दहा मिनिटं होती, आणि मला कळलं ते कशासाठी थांबले होते.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "निघाला असन आता तो." आणि चढायला लागले.

गच्चीचं लोखंडी दार जड आहे, ते दोघांनी मिळून ढकललं. पूर्वेकडे कळमन्याच्या बाजूला धुळकट तांबडं झालं होतं. आम्ही टाकीच्या कट्ट्याशी उभे राहिलो. सूर्याची कड दिसली तसे वडिलांनी दोन्ही तळवे पुढे केले, आणि डोळे मिटून घेतले. मी त्यांचं तोंड पाहत होते, कारण मला अजूनही त्यांच्या अंगाची काळजीच होती. पहिलं ऊन त्यांच्या कपाळावर आलं, मग गालांवर, मग तळव्यांवर. ते बराच वेळ तसेच उभे राहिले, एखादी गोष्ट तपासून पाहत असल्यासारखे.

"संगंच येते वं दोघं," शेवटी ते म्हणाले. "उजेड अन् गरमी. तू बरोबर होती."

अख्खा उन्हाळा मी याच एका वाक्यासाठी घसा फोडून घेतला होता. आता ते आलं. मी त्यांच्या टोपीला लागलेला जिन्याच्या भिंतीचा चुना झटकला आणि म्हटलं, चला, आता खाली.

ते म्हणाले, "आत्ताच त वर आलो मी. थांब ना वं थोडं."

मी थांबले.